वस्तादांचं तोंड मी कोरलं

मित्रांनो, गंज बघून नाकं मुरडू नका. मी थापी आहे, अस्सल गवंड्याची थापी, आणि नुसत्या भिंती लिंपण्यात माझा जन्म गेलेला नाही. सध्या एका पत्र्याच्या ट्रंकेत, सुतळीच्या गुंडाळ्याशेजारी पडून आहे. लक्ष देऊन ऐका, कारण वेळ थोडा आहे.

एका लोहाराने मोटारीच्या मोडक्या पाट्यातून मला घडवलं. तापवलं, बडवलं, पाण्यात बुडवलं. लाकडी मूठ लागली आणि मी वस्तादांच्या हातात गेले. वस्ताद म्हणजे माझे मालक. गवंडीकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडून ओटे करून घेतले, जिने करून घेतले, एका शाळेची लांबच लांब भिंत करून घेतली. आणि सुट्टीच्या दिवशी लेकीला घेऊन ते समुद्रावर जायचे. तिच्यासाठी वाळूची कासवं करायचे, घोडे करायचे. पुढे तिथे वाळूशिल्पांची स्पर्धा सुरू झाली, आणि आमचं सिमेंट सुटलं ते सुटलंच.

वाळूचं काम सोपं वाटतं ना? करून बघा, म्हणजे कळेल. फळ्यांच्या चौकटीत वाळू आणि पाणी घालून धुम्मसाने ठोकायचं, वर दुसरी चौकट, तिच्यावर तिसरी. मग चौकटी वरून एकेक काढत कोरत खाली उतरायचं. नेहमी वरून खाली. उतरलेल्या जागी परत चढायचं नाही, कारण तोवर तिथली वाळू सुकून ठिसूळ झालेली असते. हा या धंद्यातला पहिला नियम.

फवारा मारायला वस्तादांना दोन्ही हात लागायचे. तेवढा वेळ ते मला दातात आडवी धरायचे. तासन्‌तास मी त्यांच्या तोंडात असे. वरचा ओठ डाव्या बाजूला किंचित उचललेला, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, खालच्या ओठाला मधोमध चीर. सगळं मला पाठ होतं. माझ्यापायी त्यांचं बोलणंही तुटक झालं. पहिलं अक्षर निघायचं, मग ते मला बाजूला काढायचे, मग उरलेला शब्द यायचा. पुढे मी तोंडात नसले तरी तीच सवय राहिली. ‘च’ ऐकून मालकीणबाई आधण ठेवायच्या आणि ‘हा’ येईपर्यंत कप समोर यायचा. त्या दोघांचा संसार असा मजेत चालला होता.

तीन वर्षांपूर्वी वस्ताद एका तापात गेले. फोटो काढायचं म्हटलं की ते आयुष्यभर पळ काढत राहिले, त्यामुळे घरात त्यांचा एकही फोटो नाही. मी लेकीकडे आले. ती आता स्वतः नावाजलेली कारागीर आहे.

यंदा मालकीणबाईंनी अंथरूण धरलं आणि अन्न सोडलं. डॉक्टर म्हणाले, “औषध नंतर. आधी पोटात काहीतरी जाऊ द्या, नाहीतर फार दिवस निघायचे नाहीत.” पण त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. एके दिवशी लेकीला म्हणाल्या, “ह्यांचा चेहरा आठवेनासा झालाय गं मला. डोळे मिटले की नुसतं कपाळ येतं.”

“स्पर्धेत मी बाबांनाच करते,” लेक म्हणाली. “पण बघायला यायचं तर अंगात बळ हवं. खाशील ना?”

मालकीणबाईंनी त्या दिवशी चार घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी पाच. घास मोजत मोजत आम्ही स्पर्धेपर्यंत पोचलो. चेहरा हुबेहूब झाला, तर आई जगेल, असं लेकीने मनाशी पक्कं धरलं होतं.

स्पर्धा तीन दिवसांची. पहिला दिवस वाळू ठोकण्यात गेला. दुसऱ्या दिवशी केस, कपाळ, डोळे, नाक झालं. दीड पुरुष उंचीचा चेहरा! जाणारे-येणारे थांबून बघत होते. आणि तोंडाशी लेकीचा हात थांबला. तिला तोंड आठवेना.

शेजारच्या जागेत टोपीवाला काम करत होता. वस्तादांचा जुना प्रतिस्पर्धी आणि त्याहून जुना दोस्त. लेकीने त्याला विचारलं, तर तो डोकं खाजवत म्हणाला, “अगं, त्याच्या तोंडात कायम थापी! तोंड बघितलंय कुणी?”

मग लेकीने भलतंच केलं. तोंडाची जागा तशीच सोडून ती खाली हनुवटीवर उतरली. टोपीवाल्याने कपाळाला हात लावला. “नाकावरून थेट हनुवटी? पोरी, बापाने हेच शिकवलं का तुला?”

“उद्या आठवेल,” लेक म्हणाली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती परत तोंडाशी चढली. आई चार वाजता येणार होती. पहिला घाव घातला तशी सुकलेली वाळू भसकन खाली आली. लेक रडकुंडीला आली. फवारा मारायला हात मोकळे हवेत म्हणून तिने मला दातात धरलं. आजवर तिने कधी असं केलं नव्हतं. तिचे दात बापाच्या दातांच्या खुणांवर बरोबर बसले.

फवारा झाला आणि तिने मला हातात घेतलं, पण खरं सांगते, मित्रांनो, त्यानंतर तिने मला चालवलं नाही. मी चालले. डाव्या बाजूला ओठ उचलला, अर्धा दात काढला, खालची चीर पाडली. “थांब,” लेक पुटपुटली. मी थांबले नाही. वरची वाळू कोरडी होती, म्हणून ओली लागेपर्यंत आत गेले, आणखी आत गेले, आणि तोंड उघडं झालं. आत चांगला हातभर पोकळी झाली. तिथली वाळू कोमट लागत होती.

टोपीवाला आपलं काम टाकून आला. त्याने टोपी काढून हातात घेतली.

“तोच आहे,” तो म्हणाला. “पण तोंड मिटव गं. वाळूचं तोंड उघडं ठेवू नये.”

“का?”

“वारा आत शिरतो.”

“मग?”

“मग काय? बाहेर पण येतो.”

वारा तर कुठेच नव्हता. स्पर्धेचे झेंडे काठ्यांना चिकटून लोंबत होते. तरीही त्या खालच्या ओठावरून वाळूचे कण सरकत होते, थांबत होते, पुन्हा सरकत होते. आतून कुणी सावकाश श्वास सोडावा तसे. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? मला माझा माणूस परत मिळाला होता.

चार वाजता जावयांनी मालकीणबाईंना चाकांच्या खुर्चीत बसवून फळ्यांवरून आणलं. त्यांनी मान वर केली आणि बघतच राहिल्या. मग खुदकन हसल्या. “अगं बाई! हे तर दात न घासताच आलेत!” सगळे हसले. लेकीच्या डोळ्यांना धार लागली. मालकीणबाई म्हणाल्या, “मला जवळ घ्या.” जावयांनी त्यांना आधार देऊन उभं केलं. त्यांनी कान त्या तोंडाशी नेला.

आतून आवाज आला. “ये…”

लेकीनेही ऐकलं. मालकीणबाईंचा चेहरा असा उजळला, की तसा मी कधी पाहिला नव्हता. “हो हो,” त्या म्हणाल्या, “येते.”

लेक पुढे धावली. “आईला नाही न्यायचं!” ती किंचाळली. जावयांनी मालकीणबाईंना मागे ओढलं, आणि लेकीने मला मुठीपर्यंत त्या तोंडात खुपसलं. जबडा ढासळला. त्यावर नाक आलं, डोळे आले, कपाळ आलं. वाळूचा ढीग उरला. परीक्षक आले तेव्हा टोपीवाला नुसता हात जोडून उभा होता.

त्या संध्याकाळी मी ट्रंकेत पडले. इथे मला घरातलं सगळं ऐकू येतं. मालकीणबाई हल्ली आनंदात असतात, पण घास घेत नाहीत. “ह्यांनी बोलावलंय,” म्हणतात, “आता जेवून काय करू?” लेक बाहेर येऊन जावयांना सांगते, “बरं झालं मी मोडलं. नाहीतर बाबा तिला त्याच वेळी घेऊन गेले असते.”

आणि मी इथे पत्र्यावर आपटत राहते. उंदीर आहे, असं म्हणतात.

मित्रांनो, लेकीने मला आत खुपसलं तेव्हा वस्ताद बोलतच होते. उरलेला शब्द माझ्या पात्यावर येऊन आदळला. वरून वाळू कोसळत होती, म्हणून तो दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नाही. “…ऊ नकोस एवढ्यात,” ते म्हणाले. “जेव.”

ट्रंकेला कुलूप नाही, नुसती कडी आहे. तुमच्यापैकी कुणीतरी ती काढा. गंज पुसत बसू नका, तशीच मला ओल्या वाळूवर न्या. तोंड मी कोरीन. तुम्ही फक्त मालकीणबाईंना जवळ आणा, आणि वस्तादांचं बोलणं पुरं होईपर्यंत कुणी हात उचलू नका. जरा लवकर करा. कालपासून मालकीणबाईंनी पाणीसुद्धा घेतलेलं नाही.