एका चौकटीत दोन धुरपदाबाई

मी चिडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या मालतीबाई, म्हणजे माझी आई, सांगणारच. चौऱ्याहत्तर साली सुरतच्या आमच्या कॉलेजात फिल्म मंडळ निघालं, आणि ते चालवणारे सर म्हणाले, "मुलींनी पडद्यावर काम करावं. कॅमेरा मुलं सांभाळतील." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. महिनाभर हात धुऊन त्यांच्या मागे लागले, तेव्हा कुठे तो चावीचा छोटा कॅमेरा मिळाला. सोबत रीळ एकच. "काही करून दाखव, वंदना. नाही जमलं तर कॅमेरा कपाटात जाईल, आणि पुन्हा मागायचा नाही," सरांनी बजावलं.

मला धुरपदाबाई दाखवायची होती. ती मूळची खानदेशातली, सुरतच्याच उधन्याला राहायची. नवरा कापडाच्या लूमवर कामाला, मुलगी माझ्या आईच्या मराठी शाळेत. ही घरी बसून कांड्या भरायची, म्हणजे लूमसाठी रहाटावर सूत गुंडाळायची, आणि मधेमधे उठून चुलीपाशी जायची. बाई एक आणि काम दोघींचं. मग पडद्यावर दोघीच दाखवायच्या, आणि दोघीही तीच.

त्याची युक्ती मी पुस्तकातून घोकून ठेवली होती. भिंगाची उजवी बाजू काळ्या पुठ्ठ्यानं झाकायची आणि डावीकडे चुलीजवळची धुरपदाबाई घ्यायची. मग गोधडीखाली, मिट्ट अंधारात, रीळ उलटं गुंडाळायचं. पुठ्ठा डावीकडे सरकवायचा आणि त्याच फिल्मवर उजवीकडे रहाटावरची धुरपदाबाई घ्यायची. कॅमेरा केसभरही हलता कामा नये, म्हणून तो सुतळीनं स्टुलाला बांधला आणि स्टुलावर पाटा ठेवला. चावी पूर्ण दिली की चाळीस आकडे होईपर्यंत तो चालायचा, आणि रीळही जेमतेम तेवढंच होतं. आकडे मोजायला माझी मैत्रीण रजनी होती.

मी जमिनीवर मधोमध खडूची रेघ ओढली. "मावशी, रेघेच्या पलीकडे जायचं नाही. तिथं दुसरी धुरपदाबाई बसलीय असं समजा."

इथंच माझं चुकलं. पस्तिसाव्या आकड्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. छत्तिसाव्याला मावशींनी कपात चहा ओतला आणि सरळ रेघेपलीकडे धरला. तिकडची बाजू झाकलेली. म्हणजे पडद्यावर मनगटापासून हात तुटलेला दिसणार, कप गायब.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मावशी मात्र शांत होत्या. "तूच म्हननी, आठे बाई बठेल शे. मंग तिले चहा नको का देवाले?"

"गेलं रीळ," रजनी म्हणाली.

मला रडूच आलं होतं. पण सरांचं ते कपाट डोळ्यांपुढे आलं आणि रडू गिळलं. गेलं कसं? देणारीनं दिला, तर घेणारीनं घ्यायचा. दुसऱ्या खेपेला छत्तिसाव्या आकड्याला रेघेपलीकडून कप धरलेला हात आला पाहिजे, बस. मी मावशींच्या निम्म्या बांगड्या साबण लावून उतरवल्या आणि माझ्या मनगटात चढवल्या. हात फार गोरा दिसेल म्हणून चुलीतली काजळी चोळली. रजनी पोट धरून हसत होती. हसू दे म्हटलं.

कॅमेरा न हलवता त्याच्यावरच गोधडी पांघरली, आत घामानं निथळत रीळ उलटं गुंडाळलं, पुठ्ठा सरकवला. या खेपेला कॅमेऱ्याची कळ रजनीनं दाबली. मावशी रहाट फिरवायला लागल्या आणि मी झाकलेल्या बाजूला पालथी पडून राहिले. छत्तीस. मी कप पुढे केला. मावशी क्षणभर बघतच राहिल्या. मग रहाटावरचा हात निघाला, कप दोन्ही हातांनी धरला, आणि चाळीसला चावी संपली.

रीळ धुवायला मुंबईला पाठवलं. ते यायला तीन आठवडे लागले.

वर्गाच्या पांढऱ्या भिंतीवर चित्र उमटलं. मावशींना मी पहिल्या बाकावर बसवलं होतं. डावीकडे चूल, उजवीकडे रहाट, आणि दोन्हीकडे त्याच. रेघेवर कप दोन बोटं उडाला, पण या धुरपदाबाईच्या हातातून त्या धुरपदाबाईच्या हातात गेला. मग भिंत पुन्हा पांढरी झाली.

"कप उडी मारतो," सर म्हणाले.

"मारू दे सर. पोचला ना?"

मावशी भिंतीकडेच बघत होत्या. "पुढे काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. "चहा पेवाले टाइम भेटना का नही तिले?"

सरांनी दिवा लावला. मग खिशातून पेन काढलं आणि स्टोअरमधून सामान मागवायची चिठ्ठी पुढ्यात ओढली.

"एक रीळ पुरेल?"

"दोन द्या सर," मी म्हटलं. "तिला सावकाश पिऊ द्यायचाय."