शेजाऱ्याच्या पोटातला देश

मी एक जुना देश आहे. हसू नका, मित्रांनो! आकाराने मी कोटाच्या बटणाएवढा आहे, लाकडाचा आहे आणि माझा लाल रंग कडेने उडाला आहे. तुकडा म्हणायचे तर खुशाल म्हणा, पण देश तो देशच.

शाळेच्या भूगोलाच्या खोलीत एक मोठा लाकडी नकाशा आहे. त्यातला प्रत्येक देश सुटा निघतो आणि पुन्हा जागेवर बसवता येतो. माझ्या चारही बाजूंना एकच शेजारी आहे, हिरवा आणि ऐसपैस. मला समुद्र नाही, दुसरा शेजारी नाही. बाहेर जायचे तर त्याच्याच अंगणातून.

नकाशा करताना सुतारकाका माझ्यापाशी येईपर्यंत पार कंटाळले होते.

"बाई, एवढासा तुकडा कशाला वेगळा कापायचा? लाल ठिपका रंगवून देतो की!"

भूगोलाच्या बाई ऐकतात कुठल्या! "ठिपका नाही हो, देश आहे तो. लहान असला म्हणून काय झालं? त्याची सीमा हाताला लागली पाहिजे."

मग काकांनी माझ्या सीमेवर गिरमिटाने भोक पाडले, त्यातून करवतीचे बारीक पाते ओवले आणि मला कापून काढले. त्या भोकाची अर्धी खाच माझ्या कडेला राहिली, अर्धी शेजाऱ्याच्या. त्या खाचेचा मला भारी अभिमान आहे.

मुलांचे तर विचारू नका. पट्टीने आखल्यासारख्या सरळ सीमांचे देश ती कुठेही घुसडत. नदीच्या वळणांनी कापलेले देश मात्र आपली जागा सोडून कुठे बसत नसत. मला सगळ्यात शेवटी बसवायचे असे आणि तो मान कोणाचा, यावरून रोज हाणामारी होई. बाई म्हणत, "हा बसला की जग पूर्ण झालं." ते ऐकून माझ्या लाकडी अंगावरही मूठभर मांस चढे.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि नवे सर आले. एकदा आवराआवरीत मी खाली पडलो आणि घरंगळत कपाटाखाली गेलो. कोणी वाकूनसुद्धा पाहिले नाही. मग शाळेत पाहुणे यायचे ठरले. भोक पडलेला नकाशा बरा दिसेना, म्हणून सरांनी रंगाऱ्याला बोलावले.

"भोक लांबी भरून बुजवा आणि वरून हिरवा रंग मारून टाका. एवढासा तर होता, कोणाला कळतंय?"

कपाटाखालून मी सगळे ऐकले. मला रडू आले नाही, मित्रांनो, संताप आला. मी हरवलो होतो, संपलो नव्हतो! धूळ खाल्ली, झुरळे अंगावरून गेली, तरी मी लाल तो लालच राहिलो. आणि गंमत बघा, सर दर वर्षी शिकवत, "एका देशाच्या पोटात दुसरा देश असू शकतो," आणि मुलांना तो पुस्तकात दाखवत.

शेवटी कपाटाला वाळवी लागली, म्हणून ते हलवले. मी सापडलो तो एका मुलीला. वर्गात तिला सगळे भांडकुदळ म्हणत. तिने मला बाहीला पुसले.

"सर, हा कुठला?"

"असेल कशाचा तरी. टाकून दे."

ती कसली टाकते! तिने सगळ्या नकाशावरून बोट फिरवले. भरलेली लांबी वाळून किंचित खचली होती. हिरव्याच्या मधोमध तिच्या बोटाला माझी सीमा लागली, खाचेसकट! तिने कंपासपेटीतून कर्कटक काढले आणि खरवडायला सुरुवात केली.

"अगं ए, नकाशा खराब करतेस!"

"मी नाही सर, आधीच कोणीतरी केलाय. इथे देश होता."

सरांनी वाकून पाहिले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तेही तिच्याशेजारी बसून खरवडू लागले.

"मीच बुजवला होता गं," ते हळूच म्हणाले.

"मग आता तुम्हीच बसवा," असे म्हणून तिने मला त्यांच्या हातावर ठेवले. खाचेला खाच जुळली आणि मी माझ्या घरी आलो.

मित्रांनो, तुकडे आवरताना खाली वाकून बघत जा. एखादी जागा रिकामी दिसली तर बुजवू नका, तिथला कोण हरवला आहे ते शोधा. कपाटाखालच्या ओलीने मी जरा फुगलो आहे, म्हणून मला बसवताना अंगठ्याने जोर लावावा लागतो. लावा खुशाल. काढायचे मनात आणाल, तर मात्र त्याहून जास्त जोर लागेल!