चिन्याच्या दुकानातल्या शेवया

"शेवया," मडिवाळप्पा म्हणाला. "चिन्याच्या दुकानातल्या."

कंदिलाची वात वर करता करता चंद्रम्मा थांबली. मध्यरात्र उलटून गेली होती. नवऱ्याच्या तोंडून पाच दिवसांत खाण्याचं नाव निघालं नव्हतं. पेज, ताक, खारकेचं पाणी, सगळं ओठांवरूनच परत यायचं. हुमनाबादहून आलेला डॉक्टर काल ओसरीवरच म्हणाला होता, "औषध देऊ कशावर? पोटात काही टिकलं तर गडी वाचंल."

"करते की. डब्यात शेवया हायत. दूध-गूळ घालून..."

"गोड न्हाई!" तो खेकसला. त्या खेकसण्यानंसुद्धा तिला बरं वाटलं. "तिखट. रंगूनला रातपाळी सुटली की खायाचो. भाताच्या गिरणीसमोर एका चिन्याचं हॉटेल हुतं. वाटीभर दे चंद्रा. मग काय व्हायचं ते हू दे."

दोन वर्षांसाठी म्हणून रंगूनला गेलेला हा माणूस चौदा वर्षं तिकडंच राहिला होता. जपान्यांचे बाँब पडले तेव्हा हजारो लोकांबरोबर डोंगर-जंगल तुडवत निघाला, आणि गेल्या वर्षी हळ्ळीखेडला पोचला तेव्हा सख्ख्या आईनं, सिद्धम्मानं, "कोन पाहिजे?" म्हणून विचारलं होतं. चंद्रम्मानं मात्र ओळखलं. चौदा वर्षांबद्दल तो काही बोलला नाही. तिनंही खोदून विचारलं नाही. माणूस आला, हेच पुष्कळ होतं.

सासू आतल्या खोलीत झोपली होती. चंद्रम्मानं आवाज न करता चूल पेटवली. तो बाजेवरूनच सांगत राहिला. लसूण तेलात आधी तळ. काळा व्हायच्या आत काढ. आलं ठेच. कांद्याची पात वरून टाक. बाटलीतलं एक काळं खारट पाणी घालायचे म्हणे. ते हळ्ळीखेडात कुठून येणार? तिनं मीठ वाढवलं, लिंबू पिळलं.

वाटी त्यानं तोंडाला लावली आणि परत दिली.

"ह्यात जीव न्हाई."

"काय ऱ्हायलं?"

"अंडं."

लिंगायताच्या त्या घरात अंड्याचं नावही कुणी घेत नसे. चंद्रम्माचा हात गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडं गेला.

"तिथं खायाचात?"

"समदं खाल्लं तिथं." त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. सदऱ्यातून खांद्याचं हाड वर आलं होतं. ती त्या हाडाकडं बघत राहिली. मग उठली.

मागल्या बोळातून ती नागूबाईच्या दाराशी गेली. नागूबाई शेतकऱ्याची बायको; तिच्याकडं कोंबड्या होत्या.

"कोन? चंद्राक्का? अगं, अण्णाचं काय..."

"न्हाई, न्हाई. दोन अंडी दे."

"अंडी? तू?"

"कामून ते इचारू नगंस. पाया पडते तुझ्या."

नागूबाईनं विचारलं नाही. अंडी दिली, वर एक कोरं मडकंही दिलं.

घरातल्या चुलीवर ते शिजवायचं तिच्यानं होईना. गोठ्यामागं तीन दगड मांडून तिनं जाळ केला. पाण्याला आधण आलं, शेवया सोडल्या, आणि ती धावत आत आली.

"अंडं कसं घालायचं?"

"ती शेवटाला घालायची," त्याचे डोळे मिटलेले होते. "जाळ वढून घ्यायची. फोडून सोडायची अन् काडीनं फिरवायची, म्हंजी सूत सुटतं."

"ती?"

त्यानं डोळे उघडले. खोटं बोलण्याइतकं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

"चिन्याची भैन. नवरा मेलेली हुती. नऊ वरीस ऱ्हायलो तिच्यासंगं."

चंद्रम्मा उंबऱ्यातच खाली बसली.

"आता कुठं हाय?"

"डोंगरात. संगंच निघाली हुती. वाटंला बसली ती उठंना. मी म्हणलो, पानी घिऊन येतो. गेलोच न्हाई चंद्रा परत. मागं वळून बघितलं न्हाई."

नऊ वर्षं. नऊ वर्षं ती लोकांना सांगत होती की गिरणीवाला सुट्टी देत नाही. माहेरी भावाच्या लग्नात एकटी उभी राहिली. कुणी काही बोललं तर भांडली. तिला वाटलं, आत्ता उठावं आणि ते मडकं गोठ्याच्या भिंतीवर आपटावं.

बाहेर पाणी उतू जाऊन जाळावर चरचरलं. आणखी शिजल्या तर शेवयांचा गोळा होईल. ती उठली.

जाळ ओढला, अंडं फोडलं, काडीनं फिरवलं. सूत सुटलं. पदरानं मडकं उतरवताना बोटं भाजली, आणि रडायला तेवढंच निमित्त तिला पुरलं.

त्यानं अर्धी वाटी खाल्ली. कपाळावर घाम आला. तो रडत होता आणि खात होता. "हेच," म्हणाला. "हेच ते." त्यानं माफी मागितली नाही. तिनंही दिली नाही. पण पाच दिवसांत पहिल्यांदा पोटात गेलेलं पोटात राहिलं.

सकाळी सिद्धम्माला गोठ्यामागं टरफलं दिसली.

"कुनी आनलं हे? ह्या घरात?"

बाजेवर मडिवाळप्पा कोपरावर उठू लागला. चंद्रम्मा मध्ये आली.

"म्या आनलं, अव्वा. मला खावंसं वाटलं."

"तुला?"

"व्हय. मलाच."

सिद्धम्मा तिच्याकडं बघत राहिली. "मठातले अय्या येऊन शुद्ध करंस्तवर चुलीला शिवायचं न्हाई," एवढंच म्हणाली आणि स्वतः भाकरी थापायला बसली.

त्यानंतर आठ रात्री चंद्रम्मानं गोठ्यामागं जाळ केला. काही रात्री अर्धी वाटी गेली, काही रात्री दोन घोट. सिद्धम्माला धूर दिसत नव्हता असं नाही. नवव्या दिवशी त्याला पाणीही गिळेना. संध्याकाळी त्याची नजर आढ्याला लागली होती, आणि एकाएकी त्यानं हाक मारली, डोंगरातल्या वाटेवर मागं बसून राहिलेल्या माणसाला बोलवावं तशी.

"लान! ए लान!"

सिद्धम्मा देवळीत दिवा लावत होती. तिचा हात तसाच राहिला. "कुनाला हाक मारायलाय गं हा?"

चंद्रम्मानं ओले हात पदराला पुसले.

"मलाच, अव्वा," ती म्हणाली, आणि आत जाऊन त्याचा हात हातात घेऊन बसली. "व्हय. आले मी."