उन्हाळ्यात पांघरलेली घोंगडी

“दादा उन्हाळ्यात घोंगडी घेऊन का पडतोय?” ज्ञानूनं घरात सगळ्यांना विचारलं होतं.

मी तीच घोंगडी बोलतेय. सांगोल्याकडच्या, या घरच्याच मेंढरांच्या लोकरीची. चिंचोक्याची खळ लावून विणलेली, म्हणून अंगाला टोचणारी. तरी ज्ञानूचा थोरला भाऊ अजिनाथ नववीत असल्यापासून भर दुपारी मला डोक्यावरून ओढून घ्यायचा. आत रडायचा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून माझी कड दातांत धरायचा.

“वयात आलंय पोरगं, व्हईल नीट,” त्यांचे वडील आबा म्हणायचे.

चुलती हसायची, “नवरी हाय की आमची! तोंड दावंना.”

पुढं “लगीन झालं की सुधरंल” म्हणून पूनमला सून करून घरात आणलं. ती बोलायला लागली, की अजिनाथ मला पांघरायचा. भांडण नाही, शिवी नाही, नुसतं गप्प.

“मी आवडत न्हाय व्हय तुमास्नी?” तिनं एकदा विचारलं.

“तुजं न्हाय गं काय,” तो आतच पुटपुटला. ते फक्त मला ऐकू आलं. पूनम माहेरी गेली.

ज्ञानू तापला. त्यानं मला हिसकून फेकलं. “ऊठ की! बायको गेली अन् तू मेंढरागत पडलायस!”

अजिनाथनं त्याचा हात धरला. “लई भ्या वाटतंय रं. शाळंत व्हतो तवापास्नं. डॉक्टरकडं नेतोस?”

“येड्यांच्या डॉक्टरकडं?” आबा मध्येच म्हणाले. “जत्रा होऊ दे. पावणं येत्याल, त्यांना काय सांगायचं?” ज्ञानू दात खात थांबला.

जत्रेच्या आदल्या दिवशी अजिनाथनं जीव दिला.

पूनम मातीला आली आणि मला पांघरून कोपऱ्यात बसली. जेवेना, उठेना. “माज्यामुळंच,” एवढंच म्हणायची.

“बसू द्या, दुःख हाय,” बाया म्हणाल्या.

माणसांनो, मी लोकर आहे. थंडी अडवेन, पाऊस अडवेन. पण माझ्याखाली कुणी गप्प पडलं, तर मला बाजूला करा आणि विचारा. लगेच विचारा.

ज्ञानूनं मोटरसायकल दारात आणली.

“सुतकात बाई घराबाहेर?” आबा ओरडले.

“जत्रेपातुर थांबलो की, आबा!”

तो पूनमसमोर उकिडवा बसला. “वैनी, दादाला हे शाळंपास्नं व्हतं. तुमच्यामुळं न्हाय.” मग माझी कड धरून त्यानं मला हळूच तिच्या डोक्यावरून खाली घेतलं, सीटवर घडी करून टाकलं, आणि तिला बसवून सोलापूरच्या दवाखान्याकडं गाडी काढली.