तीनदा उकळलेलं पाणी

माझ्या हाताला गुण नाही, हे सासरी माशांवरून ठरलं.

माझे सासरे तालिबजान यांचे चार डिस्कस मासे होते. थाळीसारखे गोल, अंगावर निळ्या रेघा. ताश्कंदच्या रविवारच्या बाजारातून त्यांनी ते मांडीवर पिशवी धरून आणले होते. पाहुण्यांच्या खोलीत काचेची मोठी टाकी. घरी कुणी आलं की आधी मासे दाखवायचे, मग नातू.

दर रविवारी टाकीतलं निम्मं पाणी बदलायचं काम माझं. घरात केलिन, म्हणजे सून, आणतात ती कशाला? अंगणातल्या विहिरीच्या पंपावरून बारा बादल्या. मग दादाजान, म्हणजे सासरे, पाण्यात कागदी पट्टी बुडवायचे. नायट्रेट कमी असेल तर ती पांढरीच राहते, फार वाढलं की लालभडक होते. आमची दर आठवड्याला लालभडक.

"किती खायला घालतेस गं त्यांना? उरलेलं कुजतं, त्याचंच नायट्रेट होतं!"

"चिमूटभरच घालते, दादाजान."

"मग तुझी चिमूट मोठी आहे!"

मी चिमूट निम्मी केली. त्यांनी टाकीत पाणवनस्पती लावल्या, गाळणीचा स्पंज धुतला, बाराच्या अठरा बादल्या केल्या. पट्टी लालच. एका सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसला आणि सासूबाईंनी, आमच्या ओयींनी, चहा ओतता ओतता निकाल दिला, "हिच्या हाताला गुणच नाही. अंगावरचं दूध आटलं, आता मासेही चालले."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण नवरा तिकडे रशियात, कझानला बांधकामावर, आणि मी एक शब्द बोलले असते तर संध्याकाळच्या आत माहेरी निरोप गेला असता. गप्प बसले. त्याचा मला आजही राग येतो.

माझा बेहरुज तेव्हा तीन महिन्यांचा, किटलीतल्या पाण्यात कालवलेल्या डब्याच्या दुधावर. काही दिवसांपासून त्याचे ओठ निळसर दिसायचे, दूध पिताना धाप लागायची. दवाखान्यातल्या बाईंनी छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, थंडी वाजत असेल, गुंडाळून ठेवा. जून महिन्यात! सासूबाईंचं म्हणणं, मी पाणी नीट उकळत नाही. आमच्याकडे चहा किटलीतून पेल्यात आणि पेल्यातून परत किटलीत असा तीनदा परतवतात, तेव्हा कुठे तो मुरतो. "पाणीही तसंच तीनदा उकळ. सगळं वाईट मरून जाईल त्यातलं," त्या म्हणाल्या. मी तीनदा उकळू लागले. ओठ आणखी निळे झाले.

दुसरा मासा धापा टाकायला लागला, त्या दिवशी टाकी पुसताना पट्ट्यांच्या डबीतला कागद माझ्या हाती आला. त्यातला माशांचा भाग दादाजानांना तोंडपाठ होता. खाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. नायट्रेट पन्नासच्या वर असेल, तर ते पाणी तान्ह्या बाळाला पाजू नये, ओठ निळे पडतात, जीव जाऊ शकतो. उकळल्यानं पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं.

 एक पट्टी पंपाखालच्या बादलीत बुडवली. लाल. दुसरी बेहरुजच्या किटलीत. ती लालच्याही पुढे जाऊन जांभळी झाली.

दोन्ही पट्ट्या मी नाश्त्यासाठी अंथरलेल्या दस्तरखानवर, नानच्या शेजारी ठेवल्या.

"टाकीत काही नाही, दादाजान. विहिरीतच आहे."

"माझ्या विहिरीत?" ते कडाडले. "चाळीस मीटर खोल आहे ती! अख्खी आळी पिते!"

"कुंपणापलीकडे कापूस आहे. दर वर्षी पोती पोती खत पडतं, ते मुरून जातं कुठं?"

ते उठले. स्वतः तीन पट्ट्या बुडवल्या. मग गाडी काढून कोकंदला गेले.

दुपारी शुद्ध पाण्याचे चार मोठे कॅन घेऊन आले. मला हायसं वाटलं. मी किटली घासून, पुसून तयार ठेवली. ते स्वयंपाकघरावरून सरळ पुढे गेले आणि पाहुण्यांच्या खोलीतून हाक आली, "केलिन, ये, टाकीत ओत. हळू हं, मासे बिचकतात."

मी कॅन घेऊन गेले नाही. बेहरुजला घेऊन गेले. त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ओठ बघा ह्याचे. माशासाठी पट्टी आहे तुमच्याकडे. ह्याच्या ओठांकडे एकदा तरी पाहिलंत?"

"अगं, सासऱ्याशी असं बोलतात?" सासूबाई दारातून ओरडल्या.

"बोलतात, ओयी! आज बोलतात!"

चारही कॅन मीच ओढत स्वयंपाकघरात नेले. मला कुणी अडवलं नाही.

चार दिवसांत बेहरुजची धाप थांबली, ओठ गुलाबी झाले. उरलेले मासेही तसल्याच पाण्यावर जगले, त्यांच्यासाठी दादाजानांनी नंतर वेगळे कॅन आणले. मला वाटलं, आता तरी कुणी माझ्याकडे पाहून दोन शब्द बोलेल.

पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या हनिफाखाला नेहमीसारख्या बादली घेऊन आमच्या पंपावर आल्या. त्यांची सून आठवड्यापूर्वीच बाळंत झालेली.

"आमच्या ह्यांचा हातगुण बघा," सासूबाई त्यांना सांगत होत्या. "ह्यांनी पाणी आणलं आणि पोर टवटवीत झालं!"

दादाजान पंपाचं बटण दाबून उभे होते. हनिफाखालांची बादली भरत होती. दादाजानांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर कापसाच्या शेताकडे वळवली. त्यांना सगळं माहीत होतं. विहिरीचं नाव खराब होऊ नये म्हणून ते गप्प होते, आणि पलीकडच्या घरात सात दिवसांचं बाळ होतं.

मी आत गेले, टाकीवरची डबी घेतली. बाहेर येऊन भरलेल्या बादलीत पट्टी बुडवली, ती लाल होईपर्यंत धरली आणि हनिफाखालांच्या ओल्या हातात ठेवली.

"विचारा दादाजानांना," मी म्हणाले, "हा रंग कशाचा."