पान्याचा शेवटचा फेरा

नर्सबाई सायकल ढकलत परत आल्या तेव्हा त्यांचं कोपर सोललेलं होतं आणि पुढचं चाक दारुड्यासारखं झोकांड्या खात होतं. दुकानाच्या दाराशी त्यांनी सायकल टेकवली.

"सकाळीच नेली ना मी इथून? उतारावर चाक लागलं डुलायला. नशीब, कडेला गवत होतं."

सायकलवाल्याने खाली वाकून नटाला बोट लावलं. नट बोटानेच फिरला. त्याने मान वर करून आपल्या मुलीकडे पाहिलं. ती ट्यूबला ठिगळ लावत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला.

ओरडा बसणं या दुकानात नवं नव्हतं. चूक झाली तर बसायचा, नाही झाली तरी बसायचा. मुलगी शाळेतून आली की हाताशी असायची, पण तिने केलेलं काम बापाने पुन्हा केलं नाही असा एक दिवस जात नसे. "दे इकडे," एवढंच म्हणायचा आणि पाना काढून घ्यायचा. ब्रेक, चेन, अगदी घंटीचा स्क्रूसुद्धा. यालाच शिकवणं म्हणतात अशी त्याची समजूत होती. त्याच्या बापानेही त्याला असंच शिकवलं होतं, फक्त मधूनमधून तोच पाना पाठीत घालून.

मागच्या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं होतं.

"तिला उत्तरं येतात, पण हात वर करत नाही. दहावीनंतर शहरातल्या तंत्रशाळेत जाशील का विचारलं, तर म्हणते, मला नाही जमणार. घरी एखादं काम तिला एकटीला पुरं करू द्या की."

ते त्याच्या जिव्हारी लागलं. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सकाळी नर्सबाईंची सायकल मुलीच्या हवाली करून तो मुद्दाम मागच्या खोलीत जाऊन बसला. बाहेर डोकावायचं नाही म्हणजे नाही. स्वतःच्या या मोठेपणावर स्वारी बेहद्द खूश होती.

"नट आवळला नाहीस?" आता त्याने विचारलं.

"आवळला."

"मग हे काय?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "शेवटचा फेरा तुमचा असतो ना. मी घट्ट केला तरी तुम्ही सैल करून परत आवळता. म्हणून मी तेवढा ठेवूनच देते. नेहमीच."

एवढी वर्षं सायकलवाला तिला वेंधळी म्हणत आला होता. सैल नट दाखवून गिऱ्हाइकांसमोर हसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"आता तुम्हीच करून द्या लवकर," नर्सबाई म्हणाल्या. "अजून दोन घरी जायचंय मला."

"तीच करेल," तो म्हणाला. मग मुलीला, "पुरं कर."

मुलगी उठली. तिने दोन्ही बाजूंचे नट आवळले आणि शेवटी पान्यावर सगळा भार टाकला. चाक उचलून फिरवलं, हँडल धरून सायकल दोनदा जमिनीवर आपटून पाहिली. तिचं काम झालं होतं, पण नेहमीसारखी ती बाजूला सरली नाही.

सायकलवाल्याने हात मागे बांधून ठेवले होते. पण सवय कुठे जाते? एक हात सुटला आणि पान्याकडे गेलाच. त्याने नटाला पाना लावून जोर केला. नट हलला नाही. आणखी जोर केला, तसा पाना निसटला आणि बोटं दांड्यावर आपटली.

"घट्ट आहे," बोटं तोंडात घालत तो म्हणाला.

"माहीत आहे," मुलगी म्हणाली आणि तिने सायकल नर्सबाईंच्या हातात दिली.