झऱ्यावरची बंदी

‘येथे कपडे धुण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आमच्या झऱ्यावर लागली आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या तिन्ही लेकरांचे लंगोट मी याच दगडावर धुतले. आई गेली तेव्हा तिच्या चादरीही इथेच धुतल्या. आणि आता म्हणे पाहुण्यांच्या फोटोत आमची लक्तरं दिसतात!

झऱ्यात मांडीएवढ्या जाड, सापासारख्या लांब वाम मासळ्या आहेत. पाण्यावर टिचक्या मारून अंडं पुढे धरलं की दगडाखालून निघतात आणि पायांत घुटमळतात. आम्ही कपडे आपटतो, त्या शेजारी लोळतात, कुणाचं कुणाला काही नाही. त्याच बघायला आंबोनहून बोटी येतात. पाटीची अक्कल प्रांताच्या कचेरीतल्या एका साहेबाची, पण तिला मान डोलावली आमच्या गावच्या राजानं, म्हणजे गावप्रमुखानं. मी तडक त्याच्या ओसरीवर गेले.

“बापा राजा, धुणी कुठे धुवायची? तुमच्या डोक्यावर?”

“बात्सेबा, जीभ आवर. डोंगरापलीकडे ओढा आहे की.”

“आहे ना! ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन एकदा चढून दाखवा.”

“अगं, चार पाहुणे आले तर गावाचंच भलं होईल.”

“आणि आम्ही काय गावाबाहेरच्या?”

तो हसला. तेवढं त्यानं करायला नको होतं.

रविवारी देवळात आम्ही बायकांनी पाद्रीबाबांकडून सासीची प्रार्थना म्हणवून घेतली आणि झऱ्याच्या वाटेवर नारळाच्या कोवळ्या झावळ्या आडव्या बांधल्या. जायफळ पिकेपर्यंत बागेला सासी असते, मासे वाढेपर्यंत खाडीला असते. तेवढे दिवस तिथे कुणी हात लावायचा नाही. झऱ्याला सासी आजवर कुणी घातली नव्हती, ती आम्ही घातली.

वेल्मिन्स माझ्याहून लहान, मला उसी म्हणजे ताई म्हणते. ती घाबरली. “उसी, आता आपल्यालाही झऱ्यात पाय ठेवता येणार नाही गं!”

“ठाऊक आहे.”

“म्हणजे आपणही डोंगरच चढायचा?”

“चढायचा. पण आपल्या मर्जीनं, त्याच्या हुकमानं नाही.”

बुधवारी साहेब बोट भरून पाहुणे घेऊन आला. हातात अंड्यांची टोपली, तोंडभर हसू. आम्ही गाठोडी घेऊन वाटेच्या कडेला उभ्याच होतो.

“हा काय पालापाचोळा?” म्हणत त्यानं झावळ्या बाजूला सारायला हात घातला. सोबत आलेल्या राजानं झटकन त्याचं मनगट धरलं.

“हात लावू नका, साहेब.”

“अहो, पानं आहेत नुसती!”

“सासी आहे. मलाही मोडता येत नाही.” राजाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो माझ्याकडे वळला. “बात्सेबा, पाहुण्यांसमोर अब्रू घालवू नकोस. सासी सोड.”

“आधी पाटी काढा.”

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कुणी पुढे होईना. शेवटी त्यानंच झावळ्यांअलीकडच्या झाडावरच्या पाटीचे खिळे कोयत्यानं उचकटले आणि ती खाली टाकली.

“काढली. आता उघड.”

“उघडायलाही प्रार्थना लागते, बापा राजा. रविवारी.”

“आज बुधवार आहे, बाई!”

“मग थांबा. आम्हीही थांबतोय.”

साहेब तणतणत बोटीकडे गेला आणि पाहुणेही त्याच्या मागोमाग गेले. आम्ही गाठोडी डोक्यावर घेतली. चढ कसला मेला तो! गुडघे बोंबलायला लागले, घाम डोळ्यांत उतरला. जिंकले होते तरी मला रडू येत होतं, रागानं.

अर्ध्या चढावर मागून धापा ऐकू आल्या. वळून पाहते तर राजाची बायको ओर्पा, जिला सारं गाव मामा, म्हणजे आई म्हणतं! डोक्यावर भलंमोठं गाठोडं.

“तुमच्या न्हाणीघरात नळ आहे ना?” मी विचारलं.

“आहे. पण यांचे सगळे सदरे घेऊन आलेय.” तिनं दम घेतला. “धुवायचे की ओढ्यात सोडून द्यायचे, ते तिकडे पोचल्यावर ठरवीन.”

वेल्मिन्स हसून हसून वाटेतच बसली. मी मामा ओर्पाचं कलंडलेलं गाठोडं नीट केलं आणि तिला आमच्या पुढे घातलं.